खरेदीदाराचे गृहकर्ज अडू नये म्हणून फ्लॅट विकणाऱ्याने करावयाची पूर्वतयारी

आपल्या प्रश्नातील तपशील आधी एकत्र मांडतो, कारण उत्तर त्यांवरच अवलंबून आहे. कोथरूडमध्ये १९९७ साली बांधलेल्या इमारतीतील दोन बेडरूमचा फ्लॅट आपण आणि आपल्या वडिलांनी २००९ मध्ये, पुनर्विक्रीतून आणि गृहकर्ज काढून, संयुक्त नावावर घेतला. वडील चार वर्षांपूर्वी वारले. आई आपल्याकडे असते आणि विवाहित बहीण परदेशात आहे. कर्जाचे सुमारे ११ लाख रुपये अजून फेडायचे आहेत. फ्लॅटचा व्यवहार ९५ लाखांना ठरला, आपण टोकन घेतले, आणि दोन महिन्यांनी खरेदीदाराच्या बँकेने ८४ लाखांचे मूल्यांकन व वकिलांच्या हरकती दाखवून फाइल परत पाठवली. पुन्हा असे होऊ नये म्हणून तयारी कुठून आणि किती आधीपासून सुरू करावी, असे आपण विचारले आहे.

बहुतेक विक्रेत्यांची समजूत अशी असते की कर्ज हा खरेदीदाराचा प्रश्न आहे, त्याचा पगार आणि सिबिल चांगले असले की झाले. प्रत्यक्षात बँक खरेदीदाराची पत जितक्या बारकाईने पाहते तितक्याच बारकाईने आपला फ्लॅट पाहते, आणि तो तपासायला दोन वेगळी माणसे पाठवते: कागद पाहणारा पॅनलवरचा वकील आणि जागा मोजणारा व्हॅल्युअर. आपली फाइल या दोघांच्या शेऱ्यांवर परत आली आहे. तिथे खरेदीदाराच्या हातात काहीच नव्हते. म्हणून जाहिरात देण्यापूर्वी आपणच एखाद्या बँकेच्या पॅनलवर काम केलेल्या वकिलाकडून स्वतःच्या फ्लॅटचा तीस वर्षांचा सर्च (निबंधक कार्यालयातील जुन्या दस्तनोंदींचा शोध) आणि कागदपत्रांची तपासणी करून घ्यावी. त्याची फी एकूण व्यवहाराच्या मानाने किरकोळ असते, आणि जी हरकत पुढे दोन महिन्यांनी येणार ती आज कळते. ‘बँकेचे मी बघतो’ असे सांगणाऱ्या एजंटच्या भरवशावर ही पायरी गाळू नये.

मूल्यांकन ११ लाखांनी कमी आल्याने खरेदीदार का मागे हटला असेल, हे आकड्यांत पाहिल्यावर स्पष्ट होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के एवढीच रक्कम देता येते. आणि किंमत म्हणजे करारातील रक्कम व मूल्यांकन यांपैकी जी कमी ती, असे बँका धरतात. खरेदीदाराने ९५ लाखांवर ७५ लाखांचे कर्ज गृहीत धरले असणार. ८४ लाखांच्या ८० टक्क्यांप्रमाणे त्याला ६७ लाख २० हजारच मिळतात. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ६ लाख ६५ हजार आणि नोंदणी फी ३० हजार. ही रक्कम कर्जासाठीच्या किमतीत धरली जात नाही. म्हणजे जो माणूस सुमारे २७ लाख रुपये घेऊन आला होता त्याला अचानक पावणेपस्तीस लाख उभे करायचे होते. खरेदी एखाद्या महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, पण तेवढ्याने ही तूट भरत नाही.

मूल्यांकन कमी येण्याचे कारण बहुधा फ्लॅटमधील बदलांत असते. व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात धरून मोजतो. बंद केलेली बाल्कनी, टेरेसवर घातलेली पत्र्याची शेड, पोटमाळा हे सारे राहणाऱ्याला घराचा भाग वाटते, पण नकाशात ते नसेल तर त्या क्षेत्रफळाचे पैसे तो धरत नाही. नुसती ग्रिल किंवा सरकती काच असेल तर क्षेत्रफळ वजा होऊन काम भागते. मधली भिंत पाडून खोली वाढवली असेल तर अहवालात ‘मंजूर नकाशाशी विसंगत’ असा शेरा येतो आणि तो शेरा क्षेत्रफळापेक्षा महाग पडतो. तोडलेली भिंत पूर्ववत करून मगच फ्लॅट दाखवावा, हे माझे स्पष्ट मत आहे, मग ‘मोठा हॉल’ म्हणून जाहिरात करता आली नाही तरी चालेल. शेजारचे दोन फ्लॅट जोडून एक केले असतील तर हा त्रास दुपटीने होतो. तसे आपले प्रकरण नाही, म्हणून तो विषय सोडतो. पार्किंगबद्दल मात्र एक वाक्य: मोकळे किंवा स्टिल्टमधील (इमारतीखालच्या खांबांमधील) पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच ठरवले आहे, त्यामुळे आपण मनात त्याची जी किंमत धरली असेल ती बँकेच्या मूल्यांकनात येईलच असे नाही.

यानंतर कागदांचा भाग, जिथे आपला खरा वेळ जाणार आहे.

वडिलांच्या निधनानंतर सोसायटीने भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) आपले एकट्याचे नाव लावले आहे आणि आपण स्वतःला संपूर्ण मालक समजून करार केला. वकिलाने नेमकी इथेच हरकत घेतली असणार, आणि ती योग्य आहे. नामनिर्देशनामुळे (नॉमिनी म्हणून नाव दिल्याने) सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा ते ठरते; मालकी वारसाहक्कानेच ठरते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे वडिलांच्या हिश्श्यात आई, बहीण आणि आपण समान वारस आहात. आणि वडील वारले तेव्हा आपली आजी, म्हणजे त्यांची आई, हयात असेल तर तीही पहिल्या वर्गातील वारस ठरते. आजीचा हा हक्क विक्रेते हमखास विसरतात. ती नंतर वारली असेल तर तिचा हिस्सा तिच्या वारसांकडे, म्हणजे आपल्या काका आणि आत्यांकडेही जातो, आणि मग सह्यांची यादी लांबते. ते आजच तपासा.

यावर दोन मार्ग आहेत. सर्व वारसांनी विक्रेते म्हणून खरेदीखतावर सही करावी, किंवा आई आणि बहिणीने आपला हिस्सा नोंदणीकृत हक्कसोड पत्राने आधीच आपल्या नावे सोडावा. बँकेला दोन्ही चालतात. हक्कसोड केल्यास पुढच्या करारात विक्रेता एकच राहतो, तारखा जुळवणे सोपे होते; पण विक्रीचा सगळा पैसा आणि भांडवली नफ्याचा सगळा कर आपल्या नावे येतो, म्हणून सनदी लेखापालाला विचारूनच निवड करावी. बहिणीला यायला जमणार नसेल तर तिने विशेष मुखत्यारपत्र करून ते तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून किंवा स्थानिक नोटरी व अपॉस्टिल (परदेशी दस्त खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) करून पाठवावे, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. मुखत्यारपत्रात या फ्लॅटचा पूर्ण तपशील आणि नेमके कोणते अधिकार दिले ते लिहिलेले असावे. मोघम सर्वाधिकारपत्र पाहिले की बँकेचा वकील पुढे वाचतच नाही. बहीण अनिवासी असून स्वतः विक्रेती म्हणून सही करणार असेल तर तिच्या हिश्श्यावर खरेदीदाराला निवासी विक्रेत्यापेक्षा बराच जास्त कर कापावा लागतो. तो कमी करून घेण्याचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून आधी मिळवता येते, पण त्याला वेळ लागतो. केवळ या एका कारणासाठी मी आपल्यासारख्या कुटुंबांना हक्कसोड पत्राचा मार्ग आधी तपासायला सांगतो.

मात्र फ्लॅट आपल्या बँकेकडे तारण असताना तिच्या लेखी संमतीशिवाय हक्कसोड पत्र करू नये. तारणाच्या अटींमध्ये तसे बहुधा लिहिलेले असते. इथूनच क्रम ठरतो. फक्त ११ लाख बाकी असताना, ठेव मोडून, भविष्य निर्वाह निधीतून किंवा सोन्यावर थोड्या काळासाठी कर्ज काढून, गृहकर्ज आधीच पूर्ण फेडावे असा माझा सल्ला आहे. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीपूर्वी फेडीचा दंड लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला बोजा काढणे कर्जदात्यावर बंधनकारक आहे, आणि त्याच्यामुळे उशीर झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कर्जदार वारला असेल तर वारसांना कागद कसे परत दिले जातील याची पद्धत प्रत्येक बँकेने संकेतस्थळावर जाहीर करायची आहे. वडील सहकर्जदार असल्याने ती पद्धत आधी वाचा, कारण मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रे आणि आईची सही हे फेड करण्याच्या दिवशीच दिले तर ३० दिवस वादाविना मोजले जातात.

कागद हातात आले म्हणजे बोजा उतरला असे मात्र नाही. सरसाई या केंद्रीय नोंदवहीत तारण असल्याची नोंद बंद झाली आहे का, हे शोध घेऊन पाहावे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून अशा तारणाची नोटीस ऑफ इंटिमेशन (तारण ठेवल्याची सूचना) दुय्यम निबंधकाकडे दाखल होते. आपले कर्ज २००९ चे असल्याने ती बहुधा नसेल, पण मध्यंतरी कर्ज दुसऱ्या बँकेत नेले असेल किंवा टॉप-अप (त्याच कर्जावर वाढीव कर्ज) घेतला असेल तर ती सापडेल. सोसायटीच्या दप्तरातही बँकेच्या बोज्याची नोंद असते, तीही ‘कर्ज नाही’ या पत्राच्या आधारे काढून घ्यावी.

आधी फेड करणे शक्यच नसेल तर व्यवहार अडतो असे नाही, फक्त लांबतो. आपली बँक फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल याचे पत्र) आणि तिच्या ताब्यातील कागदांची यादी देते, खरेदीदाराची बँक थकीत रकमेचा धनाकर्ष थेट आपल्या बँकेच्या नावे काढते, आणि उरलेली रक्कम कागद मिळाल्यावर आपल्याला देते. अडचण अशी की फोरक्लोजर लेटरमधील रक्कम ठरावीक तारखेपर्यंतचीच असते, आणि मूळ कागद शाखेत नसून मध्यवर्ती दप्तरात असल्याने ते यायला काही आठवडे जातात. या काळात दोन बँका एकमेकींच्या पत्राची वाट पाहत बसतात.

कागदांच्या साखळीत आणखी तीन जागा तपासा. १९९७ चा बिल्डरशी झालेला मूळ करार, त्याची नोंदणी पावती व इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा अधिकृत गोषवारा), आणि आपला २००९ चा करार हे सगळे मूळ स्वरूपात हवेत. मधला एखादा दस्त हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत आणि क्षतिपूर्ती बंधपत्र, एवढे करूनही काही बँका नकार देतात. म्हणून हे काम जाहिरातीच्या आधीचे. जुन्या करारावर मुद्रांक शुल्क कमी भरलेले असेल तर तो दस्त पुराव्यात ग्राह्य धरला जात नाही, आणि तुटीवर दरमहा २ टक्के, कमाल तुटीच्या चौपट, एवढा दंड लागू शकतो. राज्य सरकारने १९८० ते २०२० मधील दस्तांसाठी अभय योजना काढली होती, पण अशा योजनेची पुन्हा वाट पाहत विक्री लांबवण्यात अर्थ नाही.

तिसरी जागा पुण्याची खास आहे. आपली इमारत सहकारी सोसायटी आहे की १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचे कंडोमिनियम, हे आपल्या प्रश्नातून कळत नाही. भाग दाखल्याचा उल्लेख पाहता सोसायटीच असावी. कंडोमिनियम असते तर नोंदणीकृत घोषणापत्र आणि प्रत्येक फ्लॅटचे डीड ऑफ अपार्टमेंट (त्या फ्लॅटच्या मालकीचा स्वतंत्र दस्त) लागले असते, आणि हे दुसरे कागद पुण्यात कितीतरी मालकांनी कधी केलेलेच नाहीत.

नावांतील फरक क्षुल्लक वाटतो, पण त्यापायी आठवडे जातात. करारात वडिलांचे नाव एक, मृत्यूच्या दाखल्यावर संक्षिप्त, आईचे आधारवर एका पद्धतीने आणि पॅनवर दुसऱ्या पद्धतीने, बहिणीचे माहेरचे आणि सासरचे: या प्रत्येक जोडीसाठी ‘ही एकच व्यक्ती आहे’ असे प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील नोंद आधीच तयार ठेवा. पॅन आधारशी जोडलेले आहे याचीही खात्री करा. व्यवहार ५० लाखांचा किंवा अधिक असल्याने खरेदीदाराला निवासी विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कर कापावा लागतो. पॅन निष्क्रिय असेल तर तोच दर २० टक्क्यांवर जातो, आणि ९५ लाखांवर तो फरक काय होतो ते आपण काढू शकता.

सोसायटीचा भाग कायद्याच्या दृष्टीने लहान, पण व्यवहाराच्या दृष्टीने मोठा आहे. हस्तांतरणाला सोसायटीचे ना हरकत पत्र कायद्याने सक्तीचे नाही, पण बँका ते मागतातच, आणि प्रत्येक बँकेचा नमुना वेगळा असतो. समितीची सभा महिन्यातून एकदा होत असेल तर नमुना चुकला की महिना गेला. म्हणून थकबाकी आधी शून्य करा, हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांहून अधिक मागता येत नाही हे नम्रपणे लक्षात आणून द्या, आणि खरेदीदाराची बँक कळताच तिचाच नमुना सचिवांना द्या. इमारत १५ वर्षांहून जुनी असल्याने आदर्श उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी, आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी, संरचनात्मक तपासणी व्हायला हवी. तिचा अहवाल असेल तर इमारतीचे उरलेले आयुष्य ठरवताना व्हॅल्युअरला आधार मिळतो आणि खरेदीदाराच्या कर्जाची मुदत कमी होत नाही. भोगवटा पत्राची (इमारत राहण्यास योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याची) प्रत सोसायटीकडे नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराला ३० दिवस धरा.

कोथरूडमध्ये सध्या विचारायलाच हवा असा प्रश्न पुनर्विकासाचा आहे. सोसायटीने विकसक निवडला असेल, तर तारण म्हणून घेतलेली भिंतच पाडली जाणार असल्याने अनेक बँका अशा फ्लॅटवर कर्ज देत नाहीत. नुसती चर्चा चालू असेल तर आताच, ती चर्चा खरेदीदाराला लेखी कळवून, विक्री करावी. ठराव होऊन गेला असेल तर विकसकाबरोबरचा नोंदणीकृत पर्यायी जागेचा करार होईपर्यंत थांबावे. मधल्या काळात कर्ज घेणारा खरेदीदार शोधणे व्यर्थ आहे, आणि हा ठराव लपवणे तर आपल्यालाच अंगाशी येईल.

आता वेळेचे गणित. कर्जफेड आणि कागद परत मिळणे यासाठी दीड महिना, हक्कसोड पत्र व सोसायटीची दप्तरनोंद यासाठी आणखी दीड, दरम्यान दुरुस्ती आणि माहिती अधिकाराचा अर्ज समांतर. म्हणजे जाहिरात आजपासून तीन ते चार महिन्यांनी. बहिणीचे मुखत्यारपत्र लागणार असेल तर त्याची सुरुवात मात्र पहिल्याच आठवड्यात व्हावी. टोकन घेतल्यावर ४५ ते ६० दिवसांची मुदत ठेवा आणि खरेदीदाराच्या मंजुरीपत्राची वैधता तिच्या पुढे जाते का ते पाहा. मार्चअखेर ही सर्वांत वाईट वेळ: १ एप्रिलला वार्षिक मूल्य दर तक्ता (रेडी रेकनर) बदलण्याच्या धास्तीने दुय्यम निबंधक कार्यालयांत रांगा लागतात आणि बँकांचे कर्मचारी उद्दिष्टाच्या मागे असतात. तरी त्याच काळात येणे झालेच तर, मुद्रांक शुल्क भरून सही केलेला दस्त चार महिन्यांपर्यंत नोंदवता येतो. पितृपक्षात खरेदीदार सही करत नाहीत आणि दसऱ्याला सगळेच करतात. माझ्या मते श्रावणात बँकेचे दोन्ही अहवाल मिळवून ठेवावेत आणि दसऱ्याला फक्त नोंदणी उरावी.

बँकेचे हे अहवाल हाती येण्यापूर्वी साठेखताची (खरेदीखतापूर्वीच्या विक्री कराराची) नोंदणी करू नका, खरेदीदाराची बँक ‘आधी करार आणा’ म्हणाली तरी मसुद्यावर काम सुरू करायला सांगा. नोंदवलेले साठेखत फिसकटले तर नोंदणीकृत रद्दलेखाशिवाय ते सर्चमधून जात नाही. टोकनच्या समजुतीच्या करारात दोन शक्यता वेगळ्या लिहा: कर्ज खरेदीदाराच्या उत्पन्नामुळे नाकारले तर किती रक्कम कापणार, आणि मालकी हक्क, नकाशा किंवा मूल्यांकनामुळे नाकारले तर पूर्ण परतावा. सगळी रक्कम बँकेमार्फतच घ्या. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रोख घेतल्यास तेवढाच दंड होतो, आणि करारात किंमत कमी दाखवली की खरेदीदाराचे कर्जही त्याच प्रमाणात आकसते. शेवटचा हप्ता खात्यात जमा होईपर्यंत ताबा देऊ नका.

आधीच्या खरेदीदाराकडून त्याच्या बँकेच्या वकिलाच्या हरकतींची आणि मूल्यांकन अहवालाची प्रत मागून घ्या. टोकन सन्मानाने परत केले असेल तर तो नाही म्हणणार नाही. त्याच्याशी साठेखत नोंदवले गेले होते का, हे आपण लिहिलेले नाही. नोंदवले असेल तर पहिले काम कर्जफेडीचे नसून त्या रद्दलेखाचे आहे, कारण त्याची सही आज मिळणे जितके सोपे आहे तितके सहा महिन्यांनी, त्याने दुसरे घर घेऊन झाल्यावर, राहणार नाही.